उजेडात न दिसलेली ज्योत

प्लेग आला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आमचं बिऱ्हाड गिरगावात होतं आणि धोबीतलावाजवळच्या एका खाजगी रसायनशाळेत मी नोकरीला लागलो होतो. पदवी नवी, राग नवा, आणि दोन्ही मिरवायची मला फार हौस. पहिल्याच आठवड्यात मी खिडकीजवळच्या टेबलासाठी भांडलो. त्यावर सकाळपासून लख्ख ऊन येई. माझ्याहून जुनी माणसं अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे ताणून बसत. बारीक काम मी करतो, उजेड मला हवा, असं साहेबाला ठणकावून मी ते टेबल मिळवलं.

एका गुरुवारी परळच्या एका तेलाच्या कारखान्यातून मुकादम आला. रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. हातात पाण्याने भरलेली बादली आणि बादलीत बुडवून ठेवलेली, घट्ट बुचाची बाटली. बाटलीत कार्बन बायसल्फाइड होतं. गंधक आणि कोळसा यांपासून हा पातळ पदार्थ बनतो. दिसायला पाण्यासारखा, वास कुजक्या कोबीचा. पेंडीत अडकून राहिलेलं तेल यात विरघळून बाहेर येतं, म्हणून मालकाने तो विलायतेहून मागवला होता. ज्योत लागली की तो भडकतो हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मालकाचा प्रश्न वेगळा होता. ज्योत जवळ नसताना, नुसत्या उष्णतेने, हा आपोआप केव्हा पेटतो? कारण जिथे काम चालायचं त्या खोलीच्या भिंतीवरून वाफेची नळी गेलेली होती.

सोमवारपासून मुकादमाची बारा माणसं त्या खोलीत काम करणार होती. सगळी त्याच्याच गावची.

प्रयोग सोपा होता. लोखंडी भांड्यात तेल घ्यायचं, त्यात काचेचा चंबू गळ्यापर्यंत बुडवायचा, शेजारी थर्मामीटर. तेल तापलं की दिवा लांब न्यायचा, चंबूत दोन थेंब सोडायचे आणि बघत राहायचं. काही झालं नाही तर भात्याने चंबू साफ करायचा, तेल जरा आणखी तापवायचं, पुन्हा थेंब. गुरुवार आणि शुक्रवार मी हेच केलं. वहीत पानभर ‘पेटले नाही, पेटले नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. शनिवारी सकाळी तेल भजी तळण्याइतकं कडकडीत झालं तेव्हा चंबू फट्‌ करून वाजला आणि भडका दिसला. तोच आकडा मी कारखान्याला द्यायच्या दाखल्यावर घातला, साहेबाने सही केली. वाफेची नळी काही इतकी तापत नाही. खोली निर्धोक ठरली.

दुपारी मुकादम दाखला न्यायला आला. कागद घडी करून टोपीत ठेवला आणि उभाच राहिला.

“दिवा नाय न्यायचा, इडी नाय वढायची. एवढा केला म्हंजे झाला ना, सायेब?”

मला भूक लागली होती. “झालं,” मी म्हणालो, “एवढं केलंत म्हणजे पुरे.”

प्लेग आल्यापासून आमच्याकडे बाहेरचे कपडे घरात येत नसत. मी गॅलरीतच कोट काढून खुंटीला लावायचा आणि बायकोने तो काठीच्या टोकाने उचलून वाऱ्यावर टाकायचा, हा रोजचा सोहळा. त्या संध्याकाळी तिने काठी तशीच धरून विचारलं, “हल्ली प्लेगच्या खोल्यांना धुरी द्यायला जाता का?”

“मी पदवीधर माणूस आहे. धुरी देत फिरत नाही.”

“मग कोटाला गंधक जाळल्याचा वास कसला? परवापासून येतोय.”

“ज्या पदार्थावर काम करतोय त्यात गंधकच आहे.”

“असेल. पण हा जाळलेल्या गंधकाचा आहे. गेल्या साली आपल्या खोलीत जाळला, तेव्हा महिनाभर माझ्या लुगड्यांना हाच वास होता. तो मी विसरेन होय?”

तुला यातलं काय कळतं, असं म्हणून मी पानावर बसलो. दुसरा घास हातात घेतला आणि तो तसाच राहिला. पदार्थ नुसता वाफ होऊन उडाला असता तर कोटाला कोबीचा वास यायला हवा होता. गंधक जळल्याचा वास यायचा तर तो जळायलाच हवा. आणि माझ्या वहीप्रमाणे तो पहिल्यांदा जळला आज सकाळी. मग कोटाला परवापासून वास कसा? दिवसभर त्या घाणीत बसून माझं नाक तर केव्हाच बाद झालं होतं.

बायसल्फाइडची ज्योत फिकी निळी असते. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. भर उन्हातल्या टेबलावर ती मला दिसणार कशी? दोन दिवस ती माझ्या नाकासमोर जळत होती आणि मी ‘पेटले नाही’ लिहीत होतो. सोमवारी बारा माणसं त्या खोलीत जाणार होती, ती माझ्या शब्दावर.

रविवारी सकाळी साहेबाच्या बंगल्यावर गेलो. नोकरी जाणार हे धरूनच गेलो होतो. साहेबाने सगळं ऐकलं, किल्ली घेतली आणि आम्ही रसायनशाळेत आलो. खिडकीवर दोन घोंगड्या टांगून अंधार केला. उकळत्या पाण्यापेक्षा तेल जरासं जास्त तापलं असेल नसेल, चंबूच्या गळ्यात निळी ज्योत उभी राहिली. आवाज नाही, भडका नाही. आणि इतकी उष्णता तर वाफेच्या नळीलाही असते. मला ती सुंदर वाटली आणि त्याच क्षणी रडूही आलं.

“कसं ओळखलंस?” साहेबाने विचारलं.

“वासावरून.”

“नाक चांगलं आहे तुझं,” तो म्हणाला. मी मान डोलावली. मग त्याने मला अर्धा तास जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ते टेबल माझ्याकडून काढून घेतलं, नोकरी ठेवली आणि नवा दाखला माझ्या हातात दिला.

ट्राम जिथवर नेईल तिथवर गेलो, पुढे चालत. मुकादम परळला आपल्या खोलीच्या दारात बसून टोपी शिवत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं.

“तुमी काल झाला म्हणालात,” तो म्हणाला.

“म्हणालो. चुकलो.”

त्याने दाताने दोरा तोडला. मग टोपी डोक्याला घालून माझ्याबरोबर निघाला. कारखान्याचा मॅनेजर जवळच राहत असे. दाखला वाचून तो कुरकुरला. नळी हलवायची तर पंधरा दिवस काम बंद. मुकादम हलक्या आवाजात म्हणाला, “नळी भिंतीपलीकडं जाईपावत माजा एक माणूस आत जायचा नाय.” मॅनेजर माझ्यावर ओरडला, त्याच्यावर ओरडला आणि शेवटी नळी हलवायचं कबूल करून आत निघून गेला.

घरी आलो तेव्हा उन्हं उतरली होती. बायको गॅलरीत तांदूळ निवडत होती. आजवर कामातलं तिला कधी काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. साहेबाजवळ नाक माझंच म्हणून मिरवलो, हेही सांगितलं.

“मिरवा की,” ती म्हणाली. “नाहीतरी चष्मा टेकवण्याखेरीज त्याचा दुसरा उपयोग काय?”

मी हसलो. ती मात्र निवडता निवडता थांबली.

“त्या बारा जणांची घरची माणसं कुठे असतात?”

“गावी. कोकणात.”

“म्हणजे त्यांना यातलं काही कळायचंच नाही.”

“कशाने कळणार? काही झालंच नाही ना.”

“नाहीच कळू दे,” ती म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.