तीनशे अठरा आणि सात

वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबते, पण फरशीच्या दोन बोटं खाली थांबते. त्यामुळे ग्रंथालयात येणारा प्रत्येक माणूस, मग तो कितीही मोठा शल्यविशारद असो, आत येतो तो ठेचकाळतच. गेली सव्वीस वर्षं न ठेचकाळता आत शिरणारं माणूस एकच. मोजणीबाई.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट वाचायला वेळ कुणाला आहे? काम मोजणीचं, म्हणून मोजणीबाई. देशातल्या डॉक्टरांनी वर्षभरात कुठे कुठे किती शोधनिबंध छापले, आणि जगातल्या इतर डॉक्टरांनी आपापल्या निबंधांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला, हे मोजून दर वर्षी आरोग्यखात्याला कळवायचं. त्यावरून म्हणे देश किती हुशार आहे ते ठरतं.

लग्न होऊन नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "म्हणजे तू नक्की करतेस काय गं?"

बाईंनी सांगितलं, "असं बघा, तुम्ही दिवसभरात किती बोललात, ते म्हणजे शोधनिबंध. आणि तुमच्या माघारी लोकांनी तुमचं नाव किती वेळा काढलं, ते म्हणजे उल्लेख."

सासूबाईंनी क्षणभर हिशेब केला. "मग आपल्या खालच्या मजल्यावरची शिंपीण जगात पहिली येईल."

"तेच तर! नाव कशासाठी काढलं ते नको का बघायला?"

गमतीत बोललेलं हे वाक्य बाईंच्या डोक्यात असं घट्ट बसलं की पुढे त्यांची सगळी नोकरी त्यावरच उभी राहिली. आधीचा कारकून नुसते आकडे लिहायचा. बाई मात्र प्रत्येक उल्लेख उघडून त्याच्या मागचंपुढचं वाक्य वाचायच्या आणि निबंधाच्या कार्डावर रंगीत पेन्सिलीने रेघ मारायच्या. कुणी त्या कामाचा आधार घेऊन पुढे गेलं असेल तर हिरवी, "हे चुकीचं आहे" म्हटलं असेल तर लाल, आणि न वाचता दुसऱ्याचं बघून उतरवलं असेल तर निळी. ग्रंथालयाच्या भिंतीला टेकलेलं साठ खणांचं लाकडी कपाट असल्या कार्डांनी भरलेलं होतं. त्यातला अकरावा खण गुडघा लावल्याशिवाय उघडत नसे.

न वाचता उतरवलेलं कसं ओळखायचं, असं कुणी विचारलं की बाईंचा चेहरा खुलायचा. शाळेत नक्कल कशी पकडतात, तशीच. कुणीतरी घाईत पान दोनशे एकाहत्तरच्या जागी दोनशे सतरा लिहितो, मग पुढचे सगळे विद्वान डोळे मिटून दोनशे सतराच लिहीत सुटतात. एकानेही ते पान उघडलेलं नसतं. कोणता प्राध्यापक कुणाचं बघून लिहितो, आणि एकाच जिन्याने चढणारे कोणते दोन विभागप्रमुख एकमेकांचं नाव मरेपर्यंत काढणार नाहीत, ही सगळी माहिती बाईंच्या कपाटात होती. डबा खाताना त्या थोडी थोडी वाटायच्याही, पण ते असो.

यंदा परिषदेला नवे संचालक आले. सावधपणे बोलायचं तर माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्ट टक्क्यांत सांगायचा. चहा "ऐंशी टक्के बरा" असायचा. आठवड्याच्या आत सगळे त्यांना टक्केसाहेब म्हणू लागले. त्यांनी मोजणीसाठी संगणकावरची एक व्यवस्था आणली. बटण दाबलं की देशाचा आकडा. मग ते तिसऱ्या मजल्यावर आले, ठेचकाळले, सावरले आणि कपाटाकडे बघून म्हणाले, "मॅडम, महिनाअखेर हे रिकामं करून टाका. जागा वाचेल, चाळीस टक्के."

"आणि कार्डं?"

"रद्दी. आता यंत्र मोजतं ना."

बाई घरी आल्या आणि कणीक इतकी मळली की सासूबाईंनी परात काढून घेतली.

पण खरा घोळ पुढेच होता. खात्याने यंदापासून एक सुवर्णपदक ठेवलं होतं. देशातल्या ज्या निबंधाचा जगात सर्वांत जास्त उल्लेख, त्याच्या लेखकाला ते मिळणार होतं. टक्केसाहेबांनी बटण दाबलं. वर आला बालडॉक्टरांचा एकवीस वर्षांपूर्वीचा निबंध. उल्लेख तीनशे अठरा.

बालडॉक्टर म्हणजे मुलांचे डॉक्टर. ते आता ऐंशीच्या पुढे होते. निवृत्तीनंतर दर मंगळवारी ते ग्रंथालयात यायचे, पंख्याखालची खुर्ची धरायचे, नियतकालिक छातीवर उघडं ठेवून तासभर झोपायचे, आणि उठल्यावर "फार चांगला लेख होता" म्हणायचे. बाईंना ही नोकरी त्यांनीच लावली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. तेव्हापासून त्यांच्या शर्टाचं एक तरी बटण चुकलेलं असायचं. त्या मंगळवारी मात्र ते जागे होते.

"मोजणे, ऐकलंस का? मला पदक देतायत! आयुष्यभराच्या कामाबद्दल, असं तुमचा तो नवा संचालक पोरगा फोनवर म्हणाला. कोट शिवायला टाकलाय. शिंपी म्हणतो, या वयात खांदे असे सरळ बघितले नाहीत."

बाई हसल्या आणि कपाटाआड गेल्या. अकराव्या खणाला गुडघा लावला. कार्ड बाहेर काढलं. हिरव्या रेघा अठरा. निळ्या शहाण्णव. आणि लाल? दोनशे चार. सबंध कार्ड गोवर उठल्यासारखं दिसत होतं.

निबंधात म्हटलं होतं, अमुक औषध दिलं की खोकल्याने दाखल झालेली मुलं निम्म्या दिवसांत घरी जातात. जगभरच्या डॉक्टरांनी ते करून पाहिलं, काही झालं नाही, आणि प्रत्येकाने तसं लिहिलं. एका परदेशी पाठ्यपुस्तकात तर 'चाचणी कशी करू नये' या प्रकरणाची सुरुवातच बालडॉक्टरांपासून होत होती. म्हणजे म्हाताऱ्याला भर सभेत पदक मिळणार होतं ते त्याच्या सर्वांत मोठ्या चुकीबद्दल, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. उद्या कुणी कुचकट विद्वानाने वर्तमानपत्रात चार ओळी लिहिल्या की झालं. पदकाच्या कागदावर मंत्र्यांची सही होणार होती शुक्रवारी.

"गप्प बसावं," बाईंचे यजमान सकाळी चहा ओतता ओतता म्हणाले. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि चालणाऱ्या घड्याळाला हात लावायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं. "म्हातारा खूश आहे. तुझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. कशाला?"

"तू गप्प बस," सासूबाई मुलाला म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "त्यांना ठाऊक आहे का, ते चुकले होते ते?"

"आहे की! त्यांनी स्वतःच तसं लिहून छापलंय. कार्ड मीच केलं होतं."

"मग रडतेस कशाला? जा आणि सांग. चारचौघांत नको, एकट्यांना सांग. आणि कोट शिवून व्हायच्या आत सांग, नाहीतर शिंपी कापडही परत घेणार नाही."

बाई गुरुवारी बालडॉक्टरांच्या घरी गेल्या, दोन कार्डं पर्समध्ये घालून. डॉक्टर दारातच म्हणाले, "अगं, आज मंगळवार नाही!" बाईंनी आडवळणं घेतली नाहीत. पदक कोणत्या निबंधाला आहे ते सांगितलं आणि पहिलं कार्ड टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"लाल किती?"

"दोनशे चार."

"आणि मला वाटलं, आयुष्यभराचं काम." ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंना वाटलं, आपण इथे यायलाच नको होतं. मग म्हातारा हळूच म्हणाला, "सिस्टरांनी सांगेपर्यंत मलाही कळलं नव्हतं बघ."

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर म्हणजे करारी बाई. चाचणी संपून निबंध छापून दोन वर्षं झाल्यावर एकदा चहा घेताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, "खिडकीकडची खोली मी नेहमी जरा बऱ्या पोरांना द्यायचे, डॉक्टर. दारातून आल्याआल्या तीच दिसते, आयांचा जीव घाबरा व्हायला नको." आणि औषध दिलं होतं फक्त खिडकीकडच्या खोलीला, दुसरी खोली होती तुलनेसाठी! पोरं औषधाने लवकर घरी जात नव्हती, ती मुळातच बरी होती. डॉक्टरांच्या हातातला चहा तसाच निवला. त्यांनी परदेशी नियतकालिकाला लिहिलं, माझं चुकलं, हे छापा. उत्तर आलं, दोन वर्षं झाली, आता जागा नाही. मग त्यांनी ते परिषदेच्या स्वतःच्या त्रैमासिकात छापलं. चार पानं. लेखक म्हणून पहिलं नाव सिस्टरांचं, दुसरं स्वतःचं. त्या वेळी मोठमोठ्या डॉक्टरांची नाकं अशी मुरडली होती की काही अजून सरळ झालेली नाहीत.

"ते कुणी वाचलंच नाही," डॉक्टर म्हणाले. "जाऊ दे."

बाईंनी दुसरं कार्ड पुढे केलं. त्यावर सात रेघा होत्या. सातही हिरव्या.

"हे काय?"

"तुमची चार पानं. सात जणांनी आधार घेतलाय. सातही आपल्याच देशातले, सगळे त्रैमासिकातच छापलेले. कुणाला कोणती खोली द्यायची ते वॉर्डात ठरवायचं नाही, कचेरीत बंद पाकिटातून ठरवायचं. याला सगळे 'खिडकीचा नियम' म्हणतात. जुलाबाची मोठी चाचणी अशीच झाली. जिल्ह्याच्या तीन रुग्णालयांत आता हाच नियम आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

म्हाताऱ्याने कार्ड जवळ नेलं, दूर नेलं, बोटाने रेघा मोजल्या. दोनदा. "सात! अगं, मला वाटलं कुणी बघितलंसुद्धा नाही." आणि त्याने असा हात आपटला की साखरेचा डबा उडाला. "चल. टोपी कुठाय माझी? त्या टक्क्याकडे जाऊ."

टक्केसाहेबांनी दोन्ही कार्डं पाहिली आणि त्यांचा रंग उडाला. पाठ्यपुस्तकातलं प्रकरण वाचून तर त्यांनी पाणीच मागवलं.

"पण डॉक्टर, आता बदलायचं कसं? दुसऱ्या निबंधाचे सात टक्के तरी..."

"टक्के नव्हेत हो. नुसते सात."

"यंत्र तर शून्य दाखवतंय."

"दाखवणारच," बाई म्हणाल्या. "आपलं त्रैमासिक यंत्राच्या यादीतच नाही. त्यात वर्षाला एकशे चाळीस निबंध येतात. यंत्राच्या लेखी एकही नाही."

टक्केसाहेब खुर्चीत सरळ झाले. हे मात्र त्यांच्या काळजाला भिडलं. "म्हणजे आपल्या देशाचा आकडा कमी दिसतोय?"

"सव्वीसच्या सव्वीस वर्षं कपाटात आहेत. हवी तर मोजून देते."

"मॅडम," साहेब घाईघाईने म्हणाले, "त्या कपाटाला हात लावू नका. म्हणजे तुम्ही लावा, दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका."

अर्जावर तीनशे अठरा छापलेलं होतं. बालडॉक्टरांनी ते स्वतःच्या हाताने खोडलं, शेजारी सात लिहिलं, निबंधाचं नाव बदललं आणि लेखकाच्या रकान्यात सिस्टरांचं नाव आधी घातलं. नियमात 'सर्वांत जास्त उल्लेख' असं होतं. टक्केसाहेबांनी त्याचं 'सर्वांत उपयोगी उल्लेख' केलं. सहीला कागद गेला. मंत्री कागद वाचत नाहीत, ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली.

समारंभाला सभागृह भरलं होतं. मोठ्या सिस्टर काठी टेकत आल्या होत्या आणि पहिल्या रांगेतल्या दोघा अधिकाऱ्यांना त्यांनी नुसत्या नजरेने उठवून जागा केली होती. सासूबाई मागे बसून सगळ्यांचे कपडे बघत होत्या. डॉक्टरांच्या नव्या कोटाचं एकही बटण चुकलेलं नव्हतं. सभागृहात शिरण्याआधी बाईंनीच ती लावून दिली होती.

मंत्र्यांनी कागद उचलला. "या निबंधाचा जगात... सात..." ते थांबले. कागद उलटा करून पाहिला. सात? छापताना शून्यं राहिली असणार! त्यांनी आवाज चढवला. "सातशे वेळा उल्लेख झाला आहे!"

टाळ्या सुरू झाल्या. बालडॉक्टर उठले, हात वर केला. टाळ्या थांबल्या.

"सातच, मंत्रीमहोदय. एकदा चुकीचा आकडा छापून बसलोय, पुन्हा नको. आणि पदक आधी सिस्टरांच्या हातात द्या. चूक माझी होती, सापडली त्यांना."

सिस्टर उभ्या राहिल्या आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अहो, खिडकी तरी उघडा कुणीतरी. केवढं गदमदतंय!" त्यावर जो हशा उठला, त्यात मंत्रीही सामील झाले. न होऊन सांगतात कुणाला?

मंगळवारी बाई नेहमीसारख्या ग्रंथालयात आल्या. पंख्याखालच्या खुर्चीत डॉक्टर झोपले होते, पदक खिशातून डोकावत होतं. टेबलावर चार वर्तमानपत्रं पडलेली. पहिल्याने बातमी दिली होती, 'सातशे उल्लेखांचा मानकरी'. दुसऱ्याने सातशे. तिसऱ्यानेही सातशे, आणि चौथ्याने तर पहिल्याची छपाईची चूकसुद्धा जशीच्या तशी उचललेली.

बाईंनी चारही कात्रणं कापली, नवं कार्ड घेतलं आणि निळी पेन्सिल तासायला बसल्या.