कॅमेऱ्याचं घराणं

मला पाहायला आमच्या घरी जो पहिला पाहुणा आला तो जपानी होता, आणि चामड्याच्या कव्हरात बसून आला होता. आईनं सवयीनं त्याच्यापुढे पोह्यांची बशीसुद्धा ठेवली होती.

आमचं घर पुणतांब्याचं. वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, घरचे कारभारी. त्यांना सोयरिकी जुळवण्याचं वेड होतं, आणि वेड हा शब्द मी जपून वापरते आहे. कोपरगावपासून पाथर्डीपर्यंत कुठल्या घरची लेक कुठे दिली, कोण कुणाचा मावसभाऊ, कुठलं घराणं मूळ कोणत्या गावचं, सगळं त्यांना तोंडपाठ. एसटीत शेजारी बसलेल्याला ते आधी आडनाव विचारायचे, मग मूळ गाव, मग मामाकडचं आडनाव. उतरेपर्यंत तो माणूस आमचा पाहुणा निघायचा. शाळेतले ख्रिस्ती गुरुजीही त्यातून सुटले नव्हते. त्यांच्या पणजोबांचं गाव आबांनी शोधून दिलं होतं, तेही गुरुजींनी मागितलं नसताना.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि माझं मन एका माणसावर बसलं होतं. साखर कारखान्याचा स्लिपबॉय होता तो. कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या घेऊन सायकलवर यायचा. गावोगाव स्लिपबॉयसाठी कोंबडी शिजायची, म्हणजे तोड लवकर मिळायची. आमच्याकडेही शिजली. त्यानं ती खाल्ली नाही, उसाचं एक टिपरू मोडून चावलं आणि वडिलांना म्हणाला, "अजून गोडी न्हाई उतरली, थांबा थोडं." वडील चिडले. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्या सायकलची घंटी ओळखायला लागले.

त्यानं रीतसर मध्यस्थ पाठवला. आबांनी पोरगा कुठला म्हणून विचारलं, तर मध्यस्थ चाचरला. कोपरगावच्या एका मूल नसलेल्या जोडप्यानं त्याला दत्तक घेतलेलं होतं. आणलं कुठून ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि आता ते जोडपंही उरलं नव्हतं.

"दत्तक असायला हरकत न्हाई," आबा म्हणाले. "पर कुनाचा त्ये कळाय पायजे. बुडखा न्हाई त्या झाडाला पोरगी बांदू का?"

मी त्या संध्याकाळी भाकरी इतक्या जोरात थापल्या की आईनं परात माझ्यापुढून ओढून घेतली.

लगेच आबांनी तिसगावचं स्थळ काढलं. पोरगा मिलिटरीत, सात पिढ्यांचा हिशेब चोख. पण तो सरहद्दीवर होता, म्हणून मुलीचा फोटो पाठवा असा निरोप आला. नेमका तेव्हाच माझा मामा मुंबईहून रजेवर आलेला. तो गोदीत कामाला होता, आणि कुणा बोटीवरच्या माणसाकडून त्यानं एक कॅमेरा घेतला होता. "फोटो मी काढतो," तो म्हणाला.

मला नवी साडी नेसवून अंगणात तुळशीपाशी उभं केलं. मामानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि आबा ओसरीवरून ओरडले, "थांबा! ह्यो कुठला?"

"कोण, आबा?"

"ह्यो तुमचा क्यामेरा. घरच्या पोरीकडं टक लावून बघनारा पैला परका त्यो हाय. मानूस असता तर इचारलं असतं का न्हाई, पाव्हनं?"

आमच्या घरात आबांना हसायची पद्धत नव्हती. ओसरीवर पाट मांडला, पाटावर कॅमेरा बसवला, आणि गुरुजींना बोलावणं गेलं, कारण इंग्रजी अक्षरं त्यांना बरी लागत. पोह्यांची बशी आली ती याच वेळी. आपली चूक आईच्या लक्षात आली, पण बशी मागे घेणं बरं दिसेना, म्हणून ती तशीच राहिली.

गुरुजींनी भिंग लावून कॅमेऱ्याच्या कपाळावरचं नाव वाचलं. "जर्मन वाटतंय," ते म्हणाले. आबांचा चेहरा खुलला. जर्मन घराणं त्यांना चालण्यासारखं वाटलं असावं.

फोटो निघाला की तिसगावला जाणार, हे मला दिसत होतं. मी अगदी सोज्वळ आवाजात विचारलं, "गुरुजी, काचेभोवती काय लिहिलंय?"

काचेभोवती दुसरंच नाव होतं. आबा म्हणाले, "मामाकडचं असंल." मग मी हळूच कॅमेरा उलटा केला. तळाला जपान निघालं. मग मी कव्हर पुढे सरकवलं. त्याच्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा दुकानाचा छाप होता. मामा माझ्याकडे असा बघत होता की नजरेनंच कानाखाली वाजवील.

"म्हंजे नाव जर्मनाचं, डोळा भलत्याचा, जल्म जपानात आन कापडं अमेरिकेची," आबा म्हणाले. "चौकशी केल्याबिगर न्हाई."

आणि त्यांनी खरंच चौकशी केली. कॅमेरा उपरण्यात गुंडाळून ते कोपरगावला फोटोवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ह्या कंपनीचं नाव बापजन्मात ऐकलं नाही. परत आल्यावर आबांनी सांगितलं, "भावकीतलं कुनी वळख देत न्हाई." गावात ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले एक म्हातारे होते, आबा त्यांच्याकडेही गेले. जपानी लोकांची घराणी कशी असतात? म्हातारे म्हणाले, "त्ये गोळ्या घालीत हुते आबा. मूळ गाव इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

मी खूश होते. मिलिटरीवाल्याकडून दुसरा निरोप आला, तरी फोटोचा पत्ता नव्हता. पण मामाची रजा संपत आली, आणि शेवटल्या दिवशी तो ओसरीवर सगळ्यांदेखत फुटला.

"आबा, ह्याचं मूळ त्या बोटीवाल्याला बी ठाव न्हाई! लढाईत जपान पार बसला हुता. गल्लीबोळात चार-चार मान्सं बसून क्यामेरे जोडायची. पेटी एकाची, काच दुसऱ्याची. जपानी नावाला गिऱ्हाईक न्हाई म्हनून जर्मन थाटाचं नाव ठोकायचं. अमेरिकेतला दुकानदार त्याच्यावर आपला छाप मारून आपलं म्हनून इकायचा. ज्यानं जोडला त्याचं दुकान कवाच बंद झालं असंल, न्हाईतर त्यो मेला असंल. त्यात ह्या लेकराचा काय दोष? त्याला कुनी इचारलं का, तुजं नाव काय ठिवू म्हनून?"

मामा भान हरपून कॅमेऱ्याला लेकरू म्हणाला होता. त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं. गुरुजींनी वातावरण निवळावं म्हणून "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात," असं काहीतरी पुटपुटून पाहिलं.

आबांनी कॅमेरा पाटावर ठेवला. उठले, न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आले, ठेवणीतला फेटा बांधला आणि जाऊन तुळशीपाशी उभे राहिले.

"आदी माजा काडा," ते म्हणाले.

"तुमचा कशापायी, आबा?"

"म्या बी तसलाच हाय." त्यांचा आवाज नेहमीचाच होता, सोयरीक सांगायचा. "साथीच्या सालात मला ह्या घरात आनला. नदीपल्याड कुठंतरी आयबाप मेलं हुतं. ज्यानं आनला त्यानं सांगितलं न्हाई, आन सांगनारं आता कुनी ऱ्हायलं न्हाई. ह्यो धाकला त्याच्यामागून दहा वर्सांनी झाला." हा धाकला म्हणजे माझे वडील. ते खांबाला धरून उभे होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. साऱ्या जिल्ह्याची पाळंमुळं सांगणारा माणूस जन्मभर काय शोधत होता, ते मला त्या क्षणी कळलं. त्यांना काच, कव्हर, जपान दाखवून मी आठवडाभर गंमत बघत होते, आणि ते मात्र मनापासून शोधत होते.

मामानं फोटो काढला. आबा म्हणाले, "आता पोरीचा काडा. दत्तक ज्या घरी गेलं त्या घरचं. ह्यो क्यामेरा आता तुमच्या घरचा, म्हंजे आपला पाव्हना. संपला इषय."

माझी जीभ कधीच गप्प बसलेली नाही. "आबा," मी म्हटलं, "मग ज्याला कोपरगावच्या घरानं घेतलं, तो कुठला?"

आईनं कपाळावर हात मारला. आबांनी फेटा नीट केला. मग तुळशीकडे तोंड करून म्हणाले, "कोपरगावचा." आणि मामाला ओरडले, "काडा की! तिसगावला न्हाई धाडायचा, घरात ठिवायला काडा."

मुंबईहून फोटो धुऊन आले. माझ्या फोटोत माझे डोळे मिटलेले होते. आबांचा मात्र इतका स्वच्छ आला होता की मिशीचा केस न् केस मोजावा. तो फोटो त्यांनी खिशात घातला तो कायमचा. बाजारात, बारशाला, दहाव्याला, जिथे नदीपलीकडचं म्हातारं माणूस भेटेल तिथे ते फोटो पुढे करत आणि विचारत, "ह्यो मानूस कुनासारका दिसतो?"

म्हातारी माणसं फोटो डोळ्यांजवळ नेत, लांब धरत, मग आबांकडे बघत आणि खात्रीनं सांगत, "तुमच्यासारका दिसतोय की, आबा!"

आबा मान हलवून फोटो परत ठेवत. मला त्या म्हाताऱ्यांचा फार राग यायचा.

माझ्या लग्नात, अंतरपाट धरायच्या थोडं आधी, आबा कोपरगावच्या त्या नवऱ्यामुलाजवळ जाऊन बसले. मंडपात वाजंत्री वाजत होती. त्यांनी फोटो काढला आणि तोच प्रश्न विचारला. त्यानं मुंडावळ्या बाजूला सारून फोटो पुष्कळ वेळ पाहिला.

"थोडा माझ्यासारका दिसतो," तो म्हणाला.

आबांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर रडणार. पण त्यांनी घाईघाईनं इकडेतिकडे पाहिलं, फोटो खिशात कोंबला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "गप ऱ्हावा, जावईबापू. आदी अक्षता पडू द्या. न्हाईतर भावकी निघायची आन लगीन मोडायचं."