पायरीवरचा गरम डबा

बर्फातले ते ठसे आठवले की आजही अंगावर काटा येतो. कनाटा नावाच्या परदेशी उपनगरातल्या एका घराच्या परसात कुणीतरी शिरलं होतं, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली बराच वेळ उभं राहून परत गेलं होतं. मागच्या पायरीवर सूपचा डबा ठेवलेला होता. मी हात लावला तेव्हा तो गरम होता.

घरातली बाई प्रौढांसाठीचे व्हिडिओ करणारी. एकटीच राहायची. चाहते हजारो, पण पत्ता एकालाही माहीत नव्हता. "तो परत येईल," एवढंच ती म्हणत होती.

आम्ही साध्या वेशात पहारा ठेवला आणि दुसरा डबा घेऊन आलेल्या माणसाला परसातच धरलं. चौकशीत तो अगदी शांत होता. आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा मला अशांचीच जास्त धास्ती वाटते.

"ती रोज माझी विचारपूस करते," तो म्हणाला. "तिला बरं नव्हतं, म्हणून सूप आणलं."

त्याच्या फोनवरचे तिचे मेसेज इंग्रजीतच होते, पण वाचताना मी चपापलो. जेवलास का? घरी पोचलास की कळव. थंडी आहे, कान झाक. इथल्या बायका प्रेमात पडल्या तरी असं विचारत नाहीत. माझी आई विचारायची.

बाईला खोदून विचारलं. चाहत्यांना तिच्या नावाने उत्तरं तिचं काम सांभाळणाऱ्या एजन्सीचा माणूस लिहायचा. तो दूरच्या ग्वेल्फ शहरात सापडला, नोकरी गेलेला पुण्याचा इंजिनिअर. बेसमेंटमध्ये बायको आणि लहान मुलीसोबत राहत होता.

"सर, मला फक्त चॅट हँडल करायचं होतं," तो म्हणाला. "काय लिहावं सुचेना, सो आई मला जे विचारते तेच टाइप केलं. फॅन्स एकदम अटॅच झाले."

"आणि तिच्या खिडकीतून तळं दिसतं, हे कशाला लिहिलंस?"

"रिअल वाटावं म्हणून, सर." त्या तळ्यावरूनच आरोपीला घर सापडलं होतं.

खरं कळलं की आरोपीची भूल उतरेल, अशी माझी समजूत. "ते तिने नाही, एका पुरुषाने लिहिलंय," मी परत जाऊन त्याला सांगितलं.

तो हळूच म्हणाला, "कुठे राहतो तो?"

माणूस रूपाला भुलतो, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. तो विचारपूस करणाऱ्याला चिकटतो, हे त्या खोलीत कळलं. बाहेर येऊन मी आधी ग्वेल्फला फोन लावला आणि त्या इंजिनिअरला दाराचं कुलूप बदलायला सांगितलं.