गोठलेल्या सामुद्रधुनीत सोडलेला वाटा

१४ मार्च. डबा घासत होते. माझी लेक तन्वी शाळेत शिकवायला गेली होती. अमेरिकेच्या पूर्व टोकाच्या पिस्कॅटवेहून, माझ्या घरून, विमानं बदलत, शेवटी हेलिकॉप्टरने मी तिच्याकडे, अलास्काच्या या बेटावर आदल्या दिवशीच पोचले होते.

बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला खडक. उतारावर खांबांवर उभी थोडी घरं. समोर रशियाचं मोठं बेट, अगदी हाकेवर वाटावं असं. मधून तारीखरेषा जाते, म्हणून तिकडे एक दिवस पुढचा. या हिवाळ्यात मधली सामुद्रधुनी दोन्ही किनाऱ्यांना धरून गोठली होती. बर्फाखालून पाणी उत्तरेला, आर्क्टिक महासागराकडे वाहतं, एवढं मी वाचून आले होते.

डबा शेजारच्या रूथ आजींचा. सकाळी त्यांनी तो मक्ताक (व्हेलची चरबीसकट कातडी) भरून दिला होता. आम्ही शाकाहारी. अन्न कचऱ्यात कसं टाकायचं? निर्माल्यासारखं वाहत्या पाण्यात सोडू, म्हटलं. किनाऱ्याजवळ बर्फाला काळी भेग होती. खाली पाणी असणार असं धरून तुकडे आत सोडले, हात जोडले. मग डबा घासून त्यात चिवडा भरला. रिकामा डबा परत करायचा नसतो.

संध्याकाळी तन्वी आली. "आई, मक्ताक कुठंय? आजी म्हणाल्या, माझा शेअर तुझ्याकडे दिलाय."

"तू खातेस?"

"दोन वर्षं झाली. शिकारीतला वाटा मिळायला लागला, तेव्हा कुठे मी इथली झाले. इट्स अ बिग डील, आई."

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. भेग तळापर्यंत गोठलेली होती. डोमकावळ्यांनी तुकडे वर ओढून काढले होते. पांढऱ्यावर काळे, गावातल्या प्रत्येक खिडकीतून दिसतील असे.

"तू जाशील परत," ती म्हणाली. "मला इथे राहायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन आजींच्या दारात उभी राहिले. त्यांनी सगळं पाहिलंच होतं.

"पलीकडे पोचवायचं तर जोरात फेकावं लागतं," त्या म्हणाल्या. "तिकडे उद्या आहे."

मी डबा पुढे केला. "मी खात नाही. कुणाला न विचारता टाकलं, चुकलं. तन्वी खाते. तिच्यासाठी अजून थोडं असेल तर द्या."

कुणाच्या दारात अन्न मागायची ही माझी पहिलीच वेळ. आजींनी चिवडा वाडग्यात ओतला, एक शेंगदाणा चावून पाहिला आणि डबा घेऊन आत गेल्या. परत आला तेव्हा तो मला दोन्ही हातांनी धरावा लागला.