पाचवं शील आणि उजवी पापणी

डॉक्टर बाईंनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि माझ्या उजव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळाने काढला, तर कित्येक महिने अर्धी मिटलेली पापणी टक्क उघडली. माझा मुलगा राहुल खुर्चीतून उठलाच. मी आरशात पाहिलं आणि सुन्न झालो.

‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस वाटतोय,’ त्या म्हणाल्या. ‘तपासण्यांनी पक्कं करू. पण दारूचा इथे काही संबंध नाही.’

शेवटचं वाक्य त्या राहुलकडे बघून बोलल्या. एवढ्या मोठ्या आजाराचं नाव ऐकून मला आनंद झाला. असा आनंद होऊ शकतो, याचाच मला धक्का बसला.

मी निवृत्त सरकारी कारकून. आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी मी वंदना सांगायचो, बाकीचे मागून म्हणायचे. त्रिशरण तीनदा म्हणतात. पहिल्यांदा माझा आवाज खणखणीत निघे, दुसऱ्यांदा जड होई, तिसऱ्यांदा जीभ अडखळे. त्यानंतर पंचशील, आणि त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचं! ते लटपटत्या जिभेने सांगणारा माणूस लोकांना कसा दिसला असेल? तोंडावर कोणीच बोललं नाही. विहाराचे सचिव एवढंच म्हणाले, ‘आपण जरा विश्रांती घ्या.’

राहुल आयटीत आहे. ऑफिसातल्या शुक्रवारच्या पार्ट्या त्याला चालतात. त्याने मला विचारलं, ‘बाबा, खरं सांगा, घेता का तुम्ही?’ मी नाही म्हणालो, पण ते ‘नाही’सुद्धा बोबडंच निघालं. जन्मात थेंब न घेतलेल्या बापावर पोटच्या मुलाचा विश्वास बसेना. फार लागलं मला ते. मी ताटावरून उठलो. तसाही घास गिळवत नव्हताच.

दवाखान्यात निराळीच गंमत. तासन्तास गप्प बसायचं, त्यामुळे नंबर लागेपर्यंत जीभ ताजीतवानी. डॉक्टर म्हणायचे, ‘सगळं नॉर्मल आहे.’ राहुलचा संशय आणखी पक्का. या बाईंनी मात्र मला छताकडे एकटक बघत मोठ्याने आकडे म्हणायला लावले. आकडे वाढत गेले तसा आवाज बसला, पापणी उतरली. मग तो बर्फ.

पुढे रिपिटिटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन झालं. त्यात नसेला लागोपाठ विजेचे बारीक झटके देतात. पडद्यावर पहिली लाट उंच, दुसरी बुटकी, तिसरी आणखी बुटकी. माझी वंदनाच उमटली होती म्हणा ना!

बाईंनी समजावलं, ‘नस आणि स्नायू यांच्यामध्ये बारीक फट असते. तो सिनॅप्स. मेंदूतल्या पेशींमध्येही अशाच फटी असतात. निरोप आला की नस तिथे रसायन सोडते, त्याला न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. ते पलीकडे पोचलं की स्नायू हलतो. लागोपाठ निरोप आले की दर वेळी थोडं कमी सुटतं. निरोगी माणसाला ते जाणवत नाही, कारण मुळात भरपूर असतं. तुमच्या शरीराने मात्र ते झेलणारी पलीकडची जागाच निकामी करत आणलीय.’ विसावा मिळाला की साठा पुन्हा भरतो, म्हणून मी डॉक्टरांसमोर ठणठणीत!

पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या हे रसायन चटकन नष्ट होऊ देत नाहीत. आजार गेलेला नाही, पण घास उतरतो. हे रोज कळतं आणि रोज बरं वाटतं.

मग सचिव घरी आले. ‘आजाराचं विहारात जाहीर करू का?’

‘संशय जाहीर केला होता का?’ मी विचारलं.

राहुल म्हणाला, ‘मी सांगतो.’

रविवारी तो माइकसमोर उभा राहिला. ‘माझे बाबा पीत नव्हते. ते सांगत होते, मी ऐकलं नाही.’ मग त्याने जिभेचं, पापणीचं सगळं सांगितलं. माझे डोळे भरून आले.

चपला घालताना एक बाई जवळ आल्या. ‘भाऊ, आमच्या यांची पापणी पण संध्याकाळी पडते. बोलणं बोबडं होतं. पोरांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलंय.’

दारूही असेल, मला काय माहीत! पण मी डॉक्टर बाईंचा पत्ता दिला.

‘उद्याच न्या,’ मी म्हणालो. ‘आणि पोरांनाच सोबत पाठवा. नंबर लागेपर्यंत बापाला सारखं बोलतं ठेवायला सांगा.’