आबांचा किंग साइझ पलंग

आबांना जाऊन पाच महिने झाले. त्यांच्याविषयी काही लिहावं असं मनात आहे, पण रोज चार ओळींच्या पुढे हात जात नाही. माणूस गेल्यावर त्याचा उपदेश आठवतो म्हणतात, पण आबांनी उपदेश फारसा केलाच नाही. मला सारखा आठवतो तो त्यांनी करवून घेतलेला पलंग, आणि त्या पलंगाच्या मापात मी केलेला घोळ. लिहिता लिहिता हसू येतं. सुरुवातीला त्याचा संकोच वाटायचा, आता वाटत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावात आमचं तीन खोल्यांचं घर. आबा एका जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची आणि धागा किती लांब ते सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. माझी थोरली बहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. तिचं सासर धुळ्याचं, देवपुरातलं.

लग्नानंतर ती दोघं पहिल्यांदा आली तेव्हा तीन आठवड्यांची रजा होती. आमच्याकडे एक रात्र राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं धुळ्याला गेली. उरलेले सगळे दिवस देवपुरात. आई म्हणाली, पहिला हक्क सासरचाच. पुढे महिनाभरानं आबा जेवता जेवता एकदम म्हणाले, "पायांमुळे गेले ते."

"कोणाच्या पायांमुळे?" आईनं घाबरून विचारलं.

"जावयांच्या."

आमचे जावई सव्वासहा फूट उंच. आमची लोखंडी खाट सहा फुटांची. आबा पहाटे नळाला पाणी आलं का बघायला उठले, तेव्हा त्यांना खाटेच्या गजांतून बाहेर आलेली जावयांची दोन पावलं दिसली होती. डास चावू नयेत म्हणून जावयांनी दोन्ही पायांना मिळून उशीचा एक अभ्रा घातला होता. हे दृश्य आबांनी महिनाभर मनात ठेवलं होतं.

दोन वर्षांनी ताईचं पत्र आलं. डिसेंबरात येतोय, या वेळी पाच आठवडे. पत्रात इकडच्या तिकडच्या गोष्टी होत्या, त्यांत एक ओळ अशी की आता आम्ही किंग साइझ पलंग घेतला, यांना त्याच्यावर फार छान झोप लागते. आबांनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"किंग साइझ म्हणजे किती बाय किती?"

जळगावच्या दुकानात पलंग मागायचा तर तीन बाय सहा म्हणायचं, नाहीतर चार बाय सहा. त्यात राजा-राणी कुठेच नव्हते. "ताईला पत्र टाकून विचारते," मी म्हणाले.

"जावयाला विचारतात का, तुम्हाला केवढा पलंग लागतो म्हणून?" आबा म्हणाले. "ते म्हणणार, काही नको, सतरंजी चालेल. तसंच म्हणायचं असतं. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. तू पुस्तकांत राहतेस ना? बघ पुस्तकात."

मी बघितलं. ग्रंथालयात गृहविज्ञानाच्या कपाटात कोणीतरी देणगी दिलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात घर कसं लावावं याचे तक्ते होते आणि एका तक्त्यात पलंगांची मापं होती. किंग म्हणजे शहात्तर इंच रुंद, ऐंशी इंच लांब. मी स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवून आणलं. पुस्तक अमेरिकेत छापलेलं आहे हे मी पाहिलं होतं. त्यानं काही फरक पडेल असं मात्र मनात आलं नाही. इंच तर सगळीकडे इंचच.

सुतारानं कागद पाहिला, खोली पाहिली. "आबा, पलंग पाहिजे की स्टेज?"

"पुस्तकातलं माप आहे ते," आबा म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. खोलीतलं कपाट स्वयंपाकघरात गेलं, आणि आईला डाळीचे डबे काढायला त्या कपाटाला वळसा घालून जावं लागू लागलं.

गादी आबांना विकतची चालणार नव्हती. त्यांनी आपल्या हातानं पारखून लांब धाग्याची, पांढरीशुभ्र रुई आणली. पिंजारी अंगणात बसला. म्हातारा होता, आबांच्या गावाकडचा, आणि बोलायचाही गावाकडच्याच बोलीत. त्यानं रुई चोळून बघितली आणि मान हलवली. "आबा, हाऊ कापूस धोतरना शे, गादीना नही."

कापसातलं आपल्याला कोणी काही सांगावं याची आबांना सवय नव्हती. पण पिंजाऱ्याचं बरोबर होतं. लांब धाग्याची रुई दबून बसते. गादीला आखूड, भरड, देशी कापूस हवा, तो दबला तरी पुन्हा फुगतो. आबांनी रुई परत नेली आणि दुसरी आणली. मग पिंजाऱ्यानं गादीपाटाचे पन्हे जोडून शिवलेली खोळ अंगणात पसरली. अंगण संपलं. खोळीचं एक टोक तुळशीपाशी आणि दुसरं दारात.

"येवर बठ्ठी वरात झोपी जाई," पिंजारी म्हणाला. बठ्ठी म्हणजे सगळी. "उन्हात टाकाले कोन उचली?"

"आम्ही उचलू."

"आम्ही म्हणजे कोण?" आई आतून म्हणाली. "तुमची कंबर मला माहीत आहे."

दोन दिवस अंगणात कमानीची तार वाजत होती. आमच्या सगळ्यांच्या केसांत आणि वरणातसुद्धा कापूस होता. गादी तयार झाल्यावर गल्लीतल्या सहा जणांनी ती डोक्यावर घेतली. दारातून जाईना म्हणून मधे दुमडली, तर ती फटकन उघडली आणि शेजारच्या नानांची टोपी उडाली. शेवटी कशीबशी आत गेली. पलंगावर ती इतकी उंच दिसत होती की आईनं खाली एक पाट ठेवला, चढायला.

ताई आणि जावई आले, चहा झाला, आणि आबांनी त्यांना खोलीच्या दारात नेऊन उभं केलं. जावई बघतच राहिले.

"आबा, हे काय?" ताई म्हणाली.

"किंग साइझ," आबा म्हणाले. अगदी सहज, जणू जळगावात घरोघरी असतो.

ताई आनंदानं बॅगेकडे धावली. आईला भेट म्हणून तिनं इंग्लंडहून कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली नवी चादर आणली होती, लहान पडायला नको म्हणून किंग साइझचीच. आम्ही दोघींनी ती घालायला घेतली. एक बाजू बसवली, दुसरी ओढली, तर चादर मधेच थांबली. पुन्हा ओढली तर पहिली बाजू सुटली. गादी चांगली सोळा इंच उघडी राहत होती. जावयांनी बॅगेतून टेप काढला, पलंग मोजला आणि हसायला लागले.

"हा अमेरिकेतला किंग आहे आबा. आमचा पाच फुटांचा. आमच्या किंगला अमेरिकेत क्वीन म्हणतात."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पुस्तक कुठलं होतं?"

"अमेरिकेचं."

"आणि पाहुणे कुठे असतात?"

मी चादरीचा सुटलेला कोपरा पुन्हा ओढायला लागले. पण जावयांना विषय मिळाला होता. ते पलंगावर मांडी घालून बसले, त्यांच्याशेजारी ताई, मग आई, मग मी, आणि तरीही जागा उरली. अमेरिकेत एका माणसाच्या पलंगाला ट्विन म्हणतात, हे ऐकून आई म्हणाली, "एकट्याच्या पलंगाला जुळं? मग जुळ्यांना काय म्हणतात?" इंग्लंडात साडेचार फुटांवर दोघं झोपतात आणि त्याला डबल म्हणतात. सहा फुटांचा असला तर सुपर किंग.

आबा दाराशी उभे राहून ऐकत होते. "म्हणजे ज्यांच्याकडे राजा कधी नव्हताच, त्यांचा राजा सगळ्यांत मोठा," ते म्हणाले. "आणि ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांचा पाच फुटांचा. राज्य गेल्यावर आकसला असेल."

सगळे हसलो. आबाही हसले, पण मला त्यांचा चेहरा माहीत होता. जेवताना त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. नंतर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "उद्या सकाळची धुळ्याची गाडी किती वाजता आहे?" मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, "माहीत असलेलं बरं."

सकाळी सात वाजले तरी खोलीचं दार बंद. आठ वाजले. आईनं कुकर लावला तर आबांनी शिट्टीच्या आधी गॅस बंद केला. दूधवाला घंटी वाजवणार तोच आबा फाटकाशी जाऊन उभे राहिले आणि त्याला बोटानंच गप्प केलं. ताई मधे उठून आली, पाट शोधताना पडता पडता वाचले म्हणाली, आणि चहा पिऊन स्वयंपाकघरातच गप्पा मारत बसली. साडेनऊला जावई बाहेर आले. केस विस्कटलेले, गालावर गादीच्या टाक्यांचे वळ.

"आबा," ते म्हणाले, "भारतात पहिल्यांदाच पाय सरळ करून झोपलो."

दोन देशांचं भांडण सगळं रुंदीचं होतं. लांबीत त्यांच्यात जेमतेम दोन इंचांचा फरक. माझ्या पुस्तकानं रुंदी चुकवली, पण लांबी मात्र गरजेपेक्षा जास्तच दिली होती. हे मला त्याच क्षणी कळलं आणि आबांनाही. ते स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "कुकर लाव आता. किती शिट्ट्या करायच्या तेवढ्या कर."

त्या दिवशी एस.टी.चं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या नानांकडे देवपुरातून फोन आला, जावई घेऊन आले आणि म्हणाले, अजून चार दिवस राहतो असं सांगितलंय. सहाव्या दिवशी, कोणतीही सूचना न देता, व्याही स्वतः आले.

धोतर, कोट, टोपी, हातात छत्री. "म्हटलं बघून यावं, मुलगा आजारी तर नाही ना," ते म्हणाले. आई पदर सावरत भरताची वांगी भाजायला पळाली. व्याह्यांनी पलंग चारी बाजूंनी पाहिला. हातानं दाबला. पाट बघून हसले. जेवणात भरीत, कळण्याची भाकरी आणि वर ताक झाल्यावर आबा म्हणाले, "पाच मिनिटं पडा. गाडीला वेळ आहे." व्याही टोपी न काढता एका कडेला पडले. आबा मान राखायला दुसऱ्या कडेला पडले. मधे आणखी दोघं मावली असती.

दोघेही साडेचारला उठले. गाडी गेलेली होती.

"आज यांना न्यायला आलो होतो," व्याही टोपी सारखी करत म्हणाले. "आता उद्या."

दुसऱ्या दिवशी सगळे बसस्टँडवर गेलो. ताई-जावई आत बसले, सामान वर चढलं. व्याही दाराशी घुटमळत होते. शेवटी म्हणालेच, "काय हो, त्या पलंगाचं माप काय आहे?"

आबांनी वर पाहिलं. गाडीवर धुळ्याची पाटी, आत लेक, आणि अजून रजेचे चार आठवडे शिल्लक. ताई खिडकीतून आबांकडे बघत होती. तिलाही समजलं असावं, कारण ती हसत नव्हती. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

"लांबी सहा फूट आठ इंच," आबा म्हणाले. "त्यात एक इंच कमी करू नका. रुंदी तुमच्या खोलीप्रमाणे. आणि कापूस देशी घ्या. लांब धाग्याचा घेऊ नका, दबतो."

व्याह्यांनी कोटातून पेन काढून ते तळहातावर लिहिलं. गाडी निघाली.

परत येताना मी म्हटलं, "आबा, आता पुढच्या वेळी ते तिकडेच राहतील."

"हो," आबा म्हणाले. थोडं चालल्यावर त्यांनी केळीवाल्यासमोर थांबून दोन डझन केळी घेतली, आम्ही तिघंच घरात असताना. "पण त्या माणसालाही वाटत असेल ना, मुलगा सकाळी उशिरापर्यंत झोपलेला दिसावा."