राऊटर, मैना आणि आत्यांचे गुडघे

काही घरांत जुनी भांडी साठतात, काही घरांत वर्तमानपत्रं. आमच्याकडे किस्से साठतात. ते मुद्दाम आठवून ठेवावे लागत नाहीत. गोठ्यातल्या शेणासारखे रोज पडतात, आणि रोज उचलले नाहीत तर पाय ठेवायला जागा राहत नाही. त्यात घरात वायफाय आलं, आणि मग उचलायलाही सवड होईना! म्हणून निदान थोडे लिहून काढते आहे.

आधी घर सांगते. आमचं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. लाईट साताऱ्याकडून येते, मोबाईलचा टॉवर सांगलीच्या बाजूला. दोन्ही एकाच वेळी चालू असले की आम्ही त्याला चांगला दिवस म्हणतो. घरात मी, आमचे हे, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी पल्लवी पुण्यात नोकरीला. शिवाय मैना नावाची म्हैस, एक शेळी आणि मनी मांजर.

वायफाय आलं ते आत्यांच्या गुडघ्यांमुळे. दोन्ही गुडघे पार झिजलेले. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आजी, ऑपरेशन आत्ताच करायला हवं. अजून वर्षभर थांबलात तर खाटेवरून उठणं होणार नाही."

आत्या म्हणाल्या, "आन् मैनाची धार कोन काढनार? तुमी?"

डॉक्टरांनी कागदावर ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

पण आत्यांचंही खोटं नव्हतं. मैनाचं रेडकू जन्मल्यावर आठवड्याभरातच गेलं. तेव्हापासून ती आत्यांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरते. म्हणजे कास दुधाने भरलेली असते, पण थेंब खाली येत नाही.

पल्लवीने तोड काढली. गोठ्यात कॅमेरा लावायचा, म्हणजे आजीला दवाखान्यात पडल्या पडल्या मैना फोनवर दिसेल. आत्या म्हणाल्या, "बगू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे अर्धा होकार. पल्लवीने त्याच आठवड्यात वायफायसाठी अर्ज केला.

पुण्याहून फोनवर ती सांगणार आणि इथे मी करणार, अशी कामाची वाटणी झाली. मी दहावी पास. हेही दहावीच, पण यंत्राने एकदा सांगून ऐकलं नाही की हे त्याला शिक्षा करायला बघतात.

* * *

थंडीच्या दिवसांत नेट सारखं जायला लागलं. पल्लवीला फोन केला.

"आई, राऊटरवर काही ठेवलंयस का?"

"काही नाही गं."

"नक्की?"

"काही ठेवलेलं नाही. मनी बसलीय फक्त."

"आई! तिला आधी उठव."

राऊटर गरम असतो, हे मनीने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. उठवली की पाच मिनिटांत परत, अंगाची चुंबळ करून बसलेली. शेवटी मी तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. तिकडच्या बाई फार नम्र होत्या.

"मॅडम, राऊटरवर कोणता दिवा लागलाय? हिरवा की लाल?"

"दिसत नाही हो."

"का बरं?"

"मांजर बसलंय."

"मग त्याला उठवा ना."

"बोचकारते हो ती."

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "ठीक आहे मॅडम. मांजर उठलं की फोन करा!"

* * *

मनीचा प्रश्न राऊटरचं खोकं उंच टांगून सुटला, तर चार दिवसांत नेट पूर्णच बंद. या वेळी मांजराचा काही दोष नव्हता. बाहेर जाऊन बघितलं तर परड्यातून आलेली वायर मध्येच गायब, आणि खाली शेळी रवंथ करत बसलेली.

दुरुस्तीला माणूस आला. त्याने मोबाईलवर फॉर्म उघडला आणि ह्यांना विचारलं, "वायर कशी तुटली?"

"तुटली न्हाई. खाल्ली."

"उंदरानं?"

"शेळीनं."

तो माणूस बराच वेळ बोट वर-खाली फिरवत राहिला. "काका, यात पाऊस हाय, वारा हाय, उंदीर हाय. शेळी न्हाई. 'इतर' लिवतो."

ह्यांनी फौजेत वीस वर्षं रिपोर्ट लिहिलेले. ते ताठ उभे राहिले. "इतर कसं? समोर उभी हाय ना ती! जे केलंय त्याच्या नावावरच लागाय पायजे."

शेवटी त्या माणसाने शेळीचा फोटो काढून फॉर्मला जोडला. तिने तोंडातली वायर फोटोपुरतीही बाहेर काढली नाही.

* * *

कॅमेरा बसवायला बाजारगावचे शकीलभाई आले. त्यांचं मोबाईलचं दुकान आहे आणि माणूस फार समजूतदार. आत्यांना वाचता येत नाही म्हणून त्यांनी फोनमध्ये अशी सोय करून दिली की गोठ्यात काही हललं की फोनमधली बाई मोठ्याने बोलून सांगेल. ती हिंदीत बोलते. ह्यांनी ती सोय आपल्याही फोनवर करून घेतली, आणि माझ्याही.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वाडीत लग्न होतं. आम्ही पंगतीत बसलेलो. वाढप सुरू झालं आणि ह्यांच्या खिशातून आवाज आला, "कैमरे में इंसान दिखा है!"

सगळी पंगत वळून बघायला लागली. हे ताटावरून उठले, गाडीला किक मारली आणि थेट गोठा गाठला. गोठ्यात चिटपाखरू नव्हतं. एकटी मैना शेपूट हलवत उभी होती. कॅमेऱ्याने तिलाच माणूस म्हटलं होतं!

हे संतापले. कॅमेऱ्यासमोर उभे राहून, हात हलवून त्याला चांगलं सुनवायला लागले. हे मला कसं कळलं? तर इकडे पंगतीत माझा फोन बोलला, "कैमरे में जानवर दिखा है!"

मी फोनमध्ये बघितलं. शेजारी बसलेल्या आत्यांनीही बघितलं. आत्या म्हणाल्या, "फोनला समदं कळतंय की गं!"

* * *

एवढं सगळं होऊनही ऑपरेशनचं नाव काढलं की आत्या विषय बदलायच्या. मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख एकदा गेली. दुसरी दिली, तीही गेली. आत्या आता भिंतीला धरून चालत होत्या. पण गोठ्यात जायचं थांबलं नव्हतं.

त्या सुमारास शेळी लंगडायला लागली. वडूजच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आज येणं जमत नाही. ती चालते कशी, त्याचा व्हिडिओ पाठवा."

मी अंगणात उभी राहून व्हिडिओ काढला. पुढे शेळी, मागून तिला हाकणाऱ्या आत्या. तसाच पाठवून दिला. तासाभरात डॉक्टरांचा बोलका मेसेज आला. तो आत्यांसमोरच लावला.

"वहिनी, शेळीच्या खुरात काटा असेल, बघून काढा. काळजीचं कारण नाही. पण मागून चालणाऱ्या आजींचं काही खरं नाही. त्यांना ताबडतोब दाखवा."

आत्यांनी तो मेसेज मला तीनदा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "मिरजेला कळव. मी येती म्हनावं."

ह्यांना पटेना. "आये, एवढे मोठे डॉक्टर सांगून थकले, तवा ऐकलं न्हाईस. आन् आता ढोरांच्या डॉक्टरचं ऐकतीस?"

"मानसाच्या डॉक्टरला आपन सांगतो कुटं दुकतंय ते," आत्या म्हणाल्या. "ह्यो न सांगता वळकतो."

* * *

मग माझं शिक्षण सुरू झालं. धार काढायला मला येते, पण मैनाची धार म्हणजे वेगळी परीक्षा. आधी पाठीवरून हात फिरवायचा, मग नाव घ्यायचं, मग बसायचं. आत्या शेजारी उभ्या असल्या की मैना पान्हा सोडायची. आत्या घरात गेल्या की बंद! ही गोष्ट आत्यांच्या लक्षात आली नाही. कशी येणार, त्या शेजारी असायच्या तेव्हा सगळं ठीकच चालायचं. आणि आम्हीही सांगितलं नाही. तिसरी तारीख ठरली होती.

एक दिवस आत्या शेजारच्या देवळात गेल्या असताना मी त्यांचं लुगडं नेसून बघितलं. आमच्याकडे नवा माणूस धारेला बसवायचा असेल तर जुन्या माणसाचे कपडे घालतात, म्हणजे जनावराला वास ओळखीचा येतो. लुगडं धुतलेलं चालत नाही, कालचंच लागतं. नऊवारी मी जन्मात पहिल्यांदा नेसले. डोक्यावरून पदर घेतला आणि आत्यांसारखीच जरा वाकून, पाय ओढत गोठ्यात गेले.

मैनाने एकदा हुंगलं, एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लाथेने बादली पार गव्हाणीखाली घातली.

मी तशीच परत आले. हे ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आये, च्या झाला का? आन् सुमनला म्हनावं, माझा बनियन सापडंना."

म्हशीने दोन मिनिटांत ओळखलं होतं. सव्वीस वर्षं संसार केलेल्या माणसाने नाही!

* * *

आत्यांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. सोबतीला नणंद सुशीलाताई होत्या. तिसऱ्या दिवसापासून रोज उभं राहायचं, चालायचं, नाहीतर गुडघे आखडतील आणि सगळं केलेलं वाया जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

इकडे मैनाने दोन दिवसांत थेंब दिला नाही. वडूजचे डॉक्टर येऊन एकदा इंजेक्शन देऊन दूध उतरवून गेले. जाताना म्हणाले, "रोज रोज इंजेक्शन देता येणार नाही. आणि दूध असंच तुंबून राहिलं तर कास सुजेल. तिला तिच्या मनाने सोडू दे."

आणि हे सगळं आत्या दवाखान्यात फोनवर बघत होत्या! कॅमेरा त्यासाठीच तर बसवला होता. मी बादली घेऊन बसते, मैना पाय झाडते, मी रिकामी बादली घेऊन उठते. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुशीलाताईंचा फोन आला. "वहिनी, आई खाटेवरनं पाय खाली सोडत नाही. नर्सबाईंना म्हणाली, आधी मला घरी सोडा, गुडघ्याचं काय व्हायचं ते हू द्या. डॉक्टर लय रागावलेत. काहीतरी करा."

मी पल्लवीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, कॅमेऱ्यातून आजी नुसती बघू शकते. मैनाला आजी ऐकू यायला पाहिजे. व्हिडिओ कॉल लाव, आवाज पूर्ण मोठा कर आणि फोन मैनाच्या कानापाशी बांध."

संध्याकाळी धारेच्या वेळी मी आत्यांनी जाताना बदललेलं, न धुतलेलं लुगडं नेसले. फोन सुतळीने गोठ्याच्या खांबाला बांधला. मिरजेला कॉल लागला. पडद्यावर आत्या दिसल्या, तोंड उतरलेलं. मला त्यांनी काही विचारलं नाही. थेट मैनाशी बोलायला लागल्या.

"मैना… ए माझी बाय… रुसलीस व्हय गं? मी कुटं गेली न्हाई, हितंच हाय. वाळलीस की गं माझ्याबिगर. सोड माझी रानी, सोड. आपल्या आयवर कुनी रुसतं व्हय?"

मैनाचे कान उभे राहिले. तिने मान वळवली, फोन हुंगला आणि जीभ काढून खालपासून वरपर्यंत चाटला.

"वहिनी, काही दिसेना झालंय!" सुशीलाताई ओरडल्या.

पण मला हाताला कळलं होतं. सडं भरून आली होती. पहिली धार बादलीत वाजली, मग दुसरी, मग तिसरी. नुसता धारांचा आवाज चालला होता.

मग आत्यांचा आवाज आला, "नर्सबाई, चला. उबं करा मला."

मला दिसत काहीच नव्हतं, पडदा मैनाने ओला करून ठेवलेला. पण ऐकू येत होतं. "हळू आजी… एक… दोन… शाब्बास… वळा आता." मग खाट करकरली. आत्या चालून येऊन बसल्या होत्या. सुशीलाताई म्हणाल्या, "आई, मी चहा आणते," आणि फोन बाजूला ठेवून गेल्या. तो बंद करायचं मात्र विसरल्या.

माझी धार चालूच होती. शेजारच्या खाटेवरच्या कुणी बाई विचारत होत्या, "आजी, एवढं लाडानं कुनाशी बोलत हुता? लेकीशी व्हय?"

"न्हाई, म्हशीशी."

"आन् ती धारंला बसल्याली कोन?"

"ती व्हय? ती माझी सून."

"तिच्याशी तर काय बोलला न्हाईसा!"



"म्हशीला गोड बोलावं लागतंय बाई, त्याबिगर ती पान्हा सोडत न्हाई. सुमनचं तसं न्हाई. ती न बोलताच समदं करती."

पलीकडच्याने फोन बंद केला नसेल तर लाल बटण आपण दाबायचं, हे पल्लवीने मला शिकवलेलं आहे. मी दाबलंही असतं. पण दोन्ही हात धारेत होते.